शेटेकाकूंच्या दारातली हलगी

सुगंधाच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र टेबलावर चष्म्याच्या डबीखाली पडून होतं. रोज सकाळी डबी उचलायची, पत्र दिसायचं, मग चष्मा लावून मी वर्तमानपत्र वाचत बसायचो. पत्रांना उत्तरं न देणारा माणूस मी नव्हे. उलट समोरासमोर बोलता येत नाही म्हणून जन्मभर पत्रंच लिहीत आलो. पण हे पत्र आलं आणि माझं लिहिणंही अडलं.

सुगंधा माझी जुनी विद्यार्थिनी. आता दुसऱ्या जिल्ह्यात नगरपरिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. तिनं लिहिलं होतं:

‘गुरुजी, आमच्या साहेबांनी घरपट्टीच्या वसुलीसाठी शाळेचं लेझीम पथक मागितलं आहे. थकबाकीदारांच्या दारात वाजवायचं. वसुली झाली तर शाळेला दोन खोल्या मिळतील. माझे शिक्षक नको म्हणतात. मला मात्र शेटेकाकूंचं दार आठवतं. तुम्ही पायऱ्या चढून काकूंच्या कानाशी काहीतरी बोललात, प्रचाराच्या मिरवणुकीचा सत्कार झाला आणि काकूंनी घरपट्टीही भरली. मी हलगी वाजवत होते, त्यामुळे मला ऐकू आलं नाही. काय बोललात ते कळवाल का? मग मीही तसंच करीन. वीस मार्चला निघायचं आहे.’

खाली फोन नंबर दिला होता. फोनवर तर मला धड ‘हॅलो’सुद्धा म्हणता येत नाही.

ते दार मलाही आठवत होतं.

त्या वेळी मी आमच्या गावच्या नगरपरिषदेच्या चार नंबर शाळेत शिकवत होतो. आदल्या वर्षी वळवाच्या वाऱ्यानं दोन वर्गांचे पत्रे उडवून नेले. एक पत्रा थेट बाजार समितीच्या आवारात सापडला. तेव्हापासून पाचवी आणि सहावी लिंबाच्या झाडाखाली भरत होती आणि पाऊस आला की दप्तरं डोक्यावर घेऊन घरी पळत होती. मी दर महिन्याला अर्ज करत होतो. तेवढं मला जमत होतं.

मार्च लागला आणि मुख्याधिकारी हेंद्रे साहेबांनी मला कचेरीत बोलावलं. टेबलाशी वसुली कारकून बापू ढगे पान चघळत उभा होता.

“सोनटक्के तुम्हीच का? शाळेची हलगी तुमच्या ताब्यात आहे म्हणे.”

“ताब्यात म्हणजे... कपाटात आहे, साहेब. पुस्तकांच्या.”

“पुस्तकांच्या कपाटात हलगी?”

“शाळेत एकच कपाट आहे.”

बापू खोकल्याचं निमित्त करून हसला. खरी गोष्ट अशी होती की लेझीम शिकवणारे गुरुजी बदलून गेले, लेझमी आणि हलगी माझ्या कपाटात आली, आणि पुस्तकांबरोबर मी लेझमीचाही प्रमुख झालो. मला लेझमीचा एक हातसुद्धा येत नव्हता.

“ऐका,” साहेब म्हणाले. “फेरआकारणी झाल्यापासून गाव तापलंय. कुणाची घरपट्टी दुप्पट झाली, कुणाची तिप्पट. भरायला कोणी तयार नाही. आणि तुम्ही अर्ज करता, पत्रे द्या. मी कुठून देऊ? घरपट्टीतूनच शाळा चालते. दारात वाद्य वाजलं की लोक भरतात, हा अनुभव आहे. पण यंदा वाजंत्रीवाले येत नाहीत.”

“का?”

“गेल्या वर्षीचं बिल आपण त्यांना दिलं नाही,” बापू म्हणाला. “नगरपरिषदच थकबाकीदार! त्यांनी आपल्या दारात नाही वाजवलं, हे नशीब.”

“ढगे, गप्प बसा. सोनटक्के, तुमच्या वॉर्डाची वसुली झाली तर पहिले पत्रे तुमच्या शाळेवर. पावसाळ्याच्या आत. शब्द देतो.”

“एक नंबर शाळेवर स्लॅब आहे, साहेब.” मी हे बोललो, याचं मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

“त्या वॉर्डातले लोक भरतात.”

“तिथं पेढ्या आहेत. आमच्याकडं हमाल आणि कासार राहतात.”

“म्हणूनच तर हलगी हवी,” साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढची फाईल ओढली.

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. तोंडही उघडलं होतं. पण डोळ्यांसमोर लिंबाखालचा वर्ग आला आणि तोंड मिटलं. बाहेर आल्यावर बापूनं पाठीवर थाप मारली.

“काळजी करू नका, गुरुजी. तुम्ही नुसतं उभं राहायचं. बोलायचं नाही. तसंही ते तुम्हाला छान जमतं.”

हलगी वाजवणारी मुलगी म्हणजे सुगंधा. सातवीत होती. तिचे वडील वाजंत्री पथकात होते. त्यांच्या शेजारी बसून बसून तिचा हात तयार झाला होता. लग्नसराईत गावच्या सगळ्या गल्ल्यांनी तिच्या वडिलांना बोलावलं होतं, मांडवाबाहेर बसवलं होतं आणि जेवणाचं पान दुरून सरकवलं होतं. हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं.

रविवारी सकाळी शाळेच्या मैदानात तिनं पाचटाचा जाळ करून हलगी शेकली. बोटानं कातड्यावर टिचकी मारून पाहिली.

“तापली, गुरुजी. आपण कुठं जायचं?”

मी बापूकडं पाहिलं.

“मिरवणूक आहे,” बापू म्हणाला. “घरपट्टीचा प्रचार. नगरपरिषदेचं काम, म्हणजे देशाचं काम. थांबायचं नाही, मी हात वर करीपर्यंत वाजवायचं. कळलं का?”

“कळलं!” पोरं ओरडली. त्यांच्या दृष्टीनं गणपतीच अवेळी आला होता.

पहिल्या काही घरांत तर गंमतच झाली. तंबाखूचे एक व्यापारी बनियनवर बाहेर आले, पोरांचा खेळ कौतुकानं पाहिला, पैसे भरले आणि पोरांना चुरमुऱ्याचे लाडू दिले. “पोरं तयार आहेत हो! पुढच्या वर्षी पण आणा,” म्हणाले. एका घरात बाई आतून ओरडल्या, “अहो, भरा एकदाचे, सगळी गल्ली बघतीय!” बापू पावत्या फाडत होता आणि मला डोळा मारत होता. मी मनात पत्रे मोजत होतो. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.

मग आम्ही तेली वेशीच्या आत वळलो आणि बापू शेटेकाकूंच्या घरापुढं थांबला.

“इथं नाही, बापू,” मी म्हणालो.

“यादीत आहे.”

“त्यांची हरकत प्रलंबित आहे. सुनावणी व्हायची आहे अजून.”

“यादीत हरकतीचा रकाना नाही, गुरुजी.”

शेटेकाकू म्हणजे आमच्या शाळेला जागा देणाऱ्या शेट्यांच्या पत्नी. शेटे गेल्याला बरीच वर्षं झाली होती. शाळेच्या फाटकावर त्यांच्या नावाची फरशी होती. माझा काकूंशी संबंध मात्र पुस्तकांचा. शेट्यांनी जमवलेली पुस्तकं त्यांच्याकडं होती. काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी मी जायचो, त्यांना एखादं प्रकरण वाचून दाखवायचो आणि एक पुस्तक घरी न्यायचो. आयुष्यात ज्या दोन-तीन माणसांशी मी अडखळल्याशिवाय बोललो, त्यांत काकू होत्या.

त्यांच्या घराची घरपट्टी चौपट झाली होती, आणि त्याचं कारण एक तागडी. शेट्यांची धान्याची आडत होती. खालच्या खोलीत त्यांची जुनी तागडी आढ्याला तशीच टांगलेली होती. काकू रोज तिच्यावरची धूळ पुसायच्या. आकारणीला आलेल्या माणसानं दारातून तागडी पाहिली आणि ‘दुकान’ असं लिहून नेलं. सगळ्या घराला व्यापारी दर लागला.

“तागडी दिसली म्हणून दुकान?” काकू मला म्हणाल्या होत्या. “मग देव्हारा बघून देऊळ लिहायचं होतं. माफ तरी झालं असतं! मी हरकत घेतलीय, गुरुजी. सुनावणी करा, कायद्यानं बसेल ते भरीन. तोवर दमडी देणार नाही.”

“तागडी काढून ठेवली तर?” मी विचारलं होतं.

“का म्हणून? त्यांच्या चुकीसाठी मी माझ्या मालकांची वस्तू काढू?”

त्यांच्या दारात हलगी सुरू झाली. पोरांना जागा चांगली मिळाली होती, रस्ता रुंद होता. लेझमी खणखणायला लागल्या. सुगंधा अशी रंगात आली होती की समोरच्या खिडक्यांची तावदानं थरथरत होती. माणसं गोळा झाली. ही गल्ली मघासारखी हसत नव्हती. “शेट्यांच्या दारात?” असं कोणीतरी म्हणालं. बापूनं पिशवीतून नोटीस आणि ती दाराला डकवायला खळीचा डबा काढला.

वर दार उघडलं. जाड भिंगांचा चष्मा सावरत काकू पायऱ्यांच्या माथ्यावर उभ्या राहिल्या. एवढा गलबला कशाचा ते त्यांना दिसत नसावं. त्यांनी डोळे बारीक केले.

मी पायऱ्या चढलो. का चढलो ते आजही सांगता येणार नाही. बापूनं तर बोलायचं नाही असं बजावलं होतं. काकूंच्या कानाशी वाकलो आणि बोललो. खाली हलगी इतकी कडाडत होती की माझा शब्द मलाही नीट ऐकू आला नाही.

काकू माझ्याकडं बघत राहिल्या. मग खाली पोरांकडं. त्यांची नजर सुगंधावर थांबली. मग त्या आत वळल्या.

“गेल्या! पैसे आणायला गेल्या!” बापू ओरडला. “वाजव पोरी, वाजव!”

काकू बाहेर आल्या तेव्हा हातात तबक होतं. पेटवलेलं निरांजन, विभूतीची वाटी, गुळाचे खडे. अंगावर घडी मोडलेली इरकल. त्या सावकाश पायऱ्या उतरल्या. बापू नोटीस घेऊन पुढं झाला.

“ढगे,” काकू म्हणाल्या, “ते जरा मागं धरा. ओवाळताना मधे येऊ नये.”

बापूचा हात आपोआप वर गेला. तो खुणेसाठी वर केलेला नव्हता, पण सुगंधानं तसं समजून हलगी थांबवली. गल्ली एकदम शांत झाली.

“आमच्या मालकांनी जागा दिली तेव्हा तिथं नुसत्या बाभळी होत्या,” काकू मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा. “आज शाळा चालत माझ्या दारात आली. कोण ग तू, हलगीवाली? वर ये.”

सुगंधा पहिल्या पायरीशी थबकली. “काकू, मी इथूनच...”

“इथून कशी ओवाळू? मला दिसत नाही. वर ये. हलगी घेऊन ये.”

ती वर गेली. काकूंनी तिच्या कपाळाला विभूती लावली, हलगीच्या कड्याला लावली, तिला ओवाळलं, तोंडात गूळ घातला. विधवेनं ओवाळायचं नसतं असं मानणारी ती गल्ली. कोणी अवाक्षर काढलं नाही. मग एकेक पोर वर गेलं. समोरच्या कासारणीनं घरातून चणे-फुटाणे आणून पोरांच्या ओंजळीत घातले. नोटीस बापूच्या हातातच राहिली. खळी वाळून गेली.

परत येताना सुगंधा माझ्या शेजारून चालत होती. कपाळाची विभूती घामानं ओघळेल म्हणून ती मान ताठ धरून चालली होती.

“गुरुजी, आपण काकूंच्या सत्काराला गेलो होतो, हे आधी का नाही सांगितलं?”

मी तिच्या हातातली हलगी माझ्याकडं घेतली.

दुसऱ्या दिवशी काकू रिक्षानं कचेरीत गेल्या आणि सगळी घरपट्टी भरून आल्या.

“काय मंत्र फुंकलात हो कानात?” हेंद्रे साहेबांनी मला चहा पाजला. बापू म्हणाला, “आम्ही वर्षभर गळा फाडला. गुरुजी कुजबुजले आणि वसुली!” मी गप्प राहिलो. लोकांना तो माझा विनय वाटला. मे महिन्यात शाळेवर पत्रे पडले. साहेबांनी शब्द पाळला, हे मान्य केलं पाहिजे. काकूंच्या हरकतीवर कचेरीतून शेरा आला: ‘रक्कम भरणा झाल्याने हरकत निकाली.’

मिरवणुकीनंतरच्या गुरुवारी मी काकूंकडं गेलो नाही. पुढच्याही नाही. मग काकूंनी निरोप धाडला, पुस्तक अर्धंच राहिलंय.

खालच्या खोलीतून जावं लागे. आढ्याला नुसता आकडा होता. तागडी नव्हती.

“आलात?” काकू म्हणाल्या. “बसा. पोरांना कळलं नाही ना?”

“नाही.”

“त्या हलगीवालीला?”

“तिला वाटतं सत्कार होता. आख्ख्या शाळेला सांगत सुटलीय. तुम्ही तिला सगळ्यांत आधी ओवाळलंत म्हणून.”

“मग सांगू नका. कधीच सांगू नका.” त्यांनी पुस्तक माझ्याकडं सरकवलं. “कानात काय म्हणालात, आठवतं तुम्हाला?”

आठवत होतं. मी म्हणालो होतो, ‘काकू, आम्ही तुमची अब्रू काढायला आलोय. पोरांना माहीत नाही. मला थांबवता येत नाही.’

“तुम्ही ‘सत्काराला आलोय’ असं काही म्हणाला असता ना, तर मी दार लावून घेतलं असतं. मला काय कळत नाही? ढग्याचा खळीचा डबा आंधळीलाही दिसला असता. पण तुम्ही म्हणालात, पोरांना माहीत नाही. मग म्हटलं, नकोच कळायला.”

“पण काकू, भरले कशाला? तुमची हरकत बरोबर होती.”

“पुढच्या रविवारी पोरं पुन्हा आणली असती त्यांनी.” काकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला. “किती वेळा ओवाळू, गुरुजी?”

मी पुस्तक उघडलं.

“तागडी एका व्यापाऱ्याला दिली,” त्या म्हणाल्या. “वजनं ठेवलीत. वजनांवरून दुकान म्हणत नसतील बहुतेक. वाचा आता. कुठवर आलो होतो?”

काकूंना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मी कोणालाही सांगितलं नाही. शब्द पाळला म्हणावं, तर न बोलण्यात माझं कौतुक ते काय? आणि सुगंधानं त्याच पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, ‘मोठ्या घराच्या उंबऱ्यात मला पहिल्यांदा कुणी ओवाळलं असेल तर ते शेटेकाकूंनी. मी शिक्षिका झाले ती त्या पायरीवर.’ ती पायरी मी तिच्या पायाखालून कशी काढून घ्यायची?

पण न लिहिलं तर ती पोरं घेऊन निघणार होती. मी काहीतरी युक्ती केली होती, तशी आपल्यालाही करता येईल, या भरवशावर निघणार होती.

काकूंनी पोरांना सांगू नका म्हटलं होतं. सुगंधा आता पोर राहिली नव्हती. आता तिच्या ताब्यात पोरं होती.

मंगळवारी सकाळी मी डबी उचलली, चष्मा लावला आणि वर्तमानपत्र बाजूला सारलं. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर लिहिलं:

‘चि. सुगंधा, त्या दिवशी आपण सत्काराला गेलो नव्हतो. काकूंच्या दारात त्यांची अब्रू काढायला गेलो होतो. तुम्हा मुलांना ते माहीत नव्हतं, मला माहीत होतं. मी त्यांच्या कानात एवढंच सांगितलं. युक्ती कसलीच केली नाही. पुढचं सगळं काकूंनी केलं, तुम्हाला कधी कळू नये म्हणून. त्यांनी ते मला कोणाला सांगू दिलं नाही, आज मी त्यांचा शब्द मोडतो आहे. तुम्हाला पुन्हा त्यांच्या दारात आणू नये म्हणून त्यांना आपली हरकत सोडावी लागली आणि तागडीही. शाळेवर पत्रे पडले ते त्यातून.

ओवाळणं मात्र खरं होतं. काकूंना कोणी मान दिला नाही, त्यांनी तुला दिला. तो तुझाच आहे.

प्रत्येक दारात शेटेकाकू नसतात. पथक नेऊ नकोस. खोल्या मिळणार नाहीत कदाचित. मला तेव्हा नाही म्हणता आलं नाही. तुला येईल असं वाटतं.’

खाली सही केली आणि पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर तेही फाडलं असतं.

पोस्टात खिडकीतल्या मुलीनं पाकीट काट्यावर ठेवलं.

“स्पीड पोस्ट ना, आजोबा?”

“वीस तारखेच्या आत मिळेल?”

“परवा मिळेल.”

“नक्की?”

“अहो, परवा म्हणजे परवा. एवढं घाईचं होतं तर फोन करायचा.”

“फोनवर मला बोलता येत नाही.”

ती हसली. पाकीट परत मागावं, ‘येईल असं वाटतं’च्या जागी दुसरं काही लिहावं, असं माझ्या मनात आलं. हात खिडकीपर्यंत गेलाही. तेवढ्यात तिनं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.